वृद्धांचा स्मृतिभ्रंश, वर्तनविकार आणि निवासी देखभाल : महाराष्ट्रातील संस्थांचा इतिहास, पारनेर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे, ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे, आणि चळलेल्या म्हाताऱ्याचे बोलणे मनावर घेऊ नये असा संकेतही आहे. परंतु अशा म्हाताऱ्याला ठेवावे कोठे, याविषयी भाषेत फारसे काही सापडत नाही. हा प्रश्नच पूर्वी उद्भवत नसे. म्हातारा ओसरीवर असे, म्हातारी चुलीपाशी असे, आणि दोघांचे जे काही व्हायचे ते घरात होई. घराबाहेर त्यांच्यासाठी जागा निर्माण झाली ती गेल्या सुमारे दोनशे वर्षांत, आणि तीही मुळात त्यांच्यासाठी म्हणून नव्हे. वेड्यांसाठी बांधलेली इस्पितळे, अनाथांसाठी काढलेली गृहे, भिकाऱ्यांसाठी उभारलेल्या कोठड्या आणि निराधारांसाठी चालविलेले वृद्धाश्रम, या चार प्रकारच्या जागांत विस्मरणाने ग्रासलेली वृद्ध माणसे कमी-अधिक प्रमाणात येऊन पडली.

प्रस्तुत लेखात या प्रवासाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखातील मुख्य प्रतिपादन असे की, केवळ विस्मरणामुळे संस्थेत पोहोचलेली माणसे थोडी. बहुतेक पोहोचली ती वर्तनामुळे. रात्री उठून चालू लागणे, अंघोळीला विरोध करणे, सुनेवर चोरीचा आळ घेणे, तोच प्रश्न दिवसभर विचारणे, अंगावर धावून जाणे ही वागणूक घराला असह्य झाली म्हणजे दार शोधले जाई. आणि आत गेल्यावर त्या वागणुकीचे काय केले जाईल, हे वृद्धाच्या आजारावर अवलंबून नसून तो कोणत्या कायद्याच्या दारातून आत आला यावर अवलंबून असे. पारनेर तालुक्याचा संदर्भ घेण्याचे कारण लेखकाचे सान्निध्य हे आहेच. पण त्याहून महत्त्वाचे कारण म्हणजे ज्या तालुक्यातून माणसे सतत बाहेर गेली, तेथे ‘घरची देखभाल’ या शब्दप्रयोगाचा अर्थ कसा बदलला हे स्पष्ट दिसते.

शब्द आणि साधने

‘डिमेन्शिया’ या संज्ञेसाठी मराठीत आज ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो. मात्र तेथे तो क्रोधातून उद्भवणाऱ्या अधःपाताच्या साखळीतील एक कडी म्हणून येतो, वार्धक्यातील मेंदूच्या आजाराचा वाचक म्हणून नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात वार्धक्याची दैन्ये वर्णिली आहेत. तेथेही विषय वैराग्याचा आहे, रोगाचा नाही. जुना शब्द नव्या रोगाला लावला म्हणजे रोगही जुनाच ओळखीचा होता असा भ्रम होतो, आणि अभ्यासकाने तो टाळला पाहिजे.

याच्या उलट अडचण इंग्रजी कागदपत्रांत येते. एकोणिसाव्या शतकातील वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत रुग्णांची वर्गवारी उन्माद, विषाद, जडबुद्धी आणि ‘डिमेन्शिया’ अशी केलेली आढळते. हा ‘डिमेन्शिया’ म्हणजे आजचा स्मृतिभ्रंश नव्हे. बुद्धी मंदावलेला, प्रतिसाद न देणारा कोणताही रुग्ण, मग तो पंचविशीतील का असेना, त्या रकान्यात जाई. त्यामुळे अहवालातील आकडे उचलून ‘त्या काळी इतके स्मृतिभ्रंशाचे रुग्ण होते’ असे लिहिणे चुकीचे ठरते. जनगणनेचीही तीच गोष्ट. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेडे, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी अशा चार प्रकारच्या विकलांगांची नोंद झाली. म्हातारपणीच्या विस्मरणाला त्यात स्वतंत्र घर नव्हते. ज्या घरच्या माणसाने गणकापुढे म्हाताऱ्याला ‘वेडा’ म्हटले तो त्या रकान्यात गेला, ज्याने म्हटले नाही त्याची नोंद उरली नाही. आणि स्वतःच्या बापाला परक्यासमोर वेडा म्हणणारी माणसे किती असतील याचा अंदाज कोणीही बांधू शकतो.

थोडक्यात, या विषयाचा इतिहास आकड्यांत सापडत नाही. तो कायद्यांत, इमारतींत आणि संबोधनांत शोधावा लागतो.

ओसरी

पारनेर हा पर्जन्यछायेतील तालुका. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, शेळ्या-मेंढ्या आणि विहिरीचे अनिश्चित पाणी यांवर येथील संसार चाललेले. अशा घरात वृद्धाला काम असे. खळ्यावर राखण करणे, सुंभ वळणे, वासरू सांभाळणे, शेंगा फोडणे, नातवंडाला झोळीत हलविणे ही कामे अशी आहेत की ती अर्धवट विसरली तरी हात ती करीत राहतो. कालचा दिवस न आठवणारा म्हातारा दोरी वळू शकतो. त्याला दोरी वळू देणे हा उपचार आहे असे कोणी म्हणत नसे. परंतु आज स्मृतिभ्रंशाच्या निवासी केंद्रांत जे ‘उद्योगोपचार’ मुद्दाम आखावे लागतात त्यांची जागा तेथे आपोआप भरलेली होती.

त्याचबरोबर गावाला वाटा ठाऊक होत्या. चुकलेला म्हातारा वेशीपाशी, विहिरीवर किंवा देवळात कोणाला तरी दिसे आणि ‘तात्या, इकडं कुठं?’ म्हणून परत आणला जाई. भटकणे हे लक्षण होते, पण संकट नव्हते.

हे चित्र येथेच थांबविले तर मात्र ते खोटे ठरेल. ओसरीच्या मागे गोठाही होता. आवरेनासा झालेला वृद्ध दावणीला बांधला जाणे, खोलीत कोंडला जाणे, बाधा झाली म्हणून त्याला देवऋषीकडे नेऊन मार खाऊ घालणे या गोष्टी ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. म्हातारीच्या संशयी बोलण्याला आजार न समजता करणीचा पुरावा समजले गेले, तर त्याची झळ कोणाला बसली असेल हे सांगावयास नको. शिवाय जमिनीचा प्रश्न होता. बापाची बुद्धी ठिकाणावर आहे की नाही, ही चर्चा अनेकदा वाटणीच्या आणि अंगठ्याच्या वेळीच सुरू होई. इंग्रजी अमलात १८५८ च्या पस्तिसाव्या कायद्याने अशा माणसाच्या मिळकतीची चौकशी जिल्हा न्यायालयात करण्याची सोय केली. म्हणजे सरकारदरबारी म्हाताऱ्याच्या बुद्धीची पहिली दखल घेतली गेली ती त्याच्या शेताच्या निमित्ताने.

पहिले दार : वेड्यांचे इस्पितळ

त्याच वर्षीचा छत्तिसावा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून असे इस्पितळ होते. पुढे नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६) आणि ठाणे (१९०१) येथे इस्पितळे उभी राहिली. नगर जिल्ह्याच्या दृष्टीने जवळचे म्हणजे पुण्याचे येरवडा. मुंबईकरांच्या बोलण्यात ‘ठाण्याला पाठवा’ आणि आपल्याकडे ‘येरवड्याला टाका’ हे शब्दप्रयोग थट्टेचे म्हणून रुळले, यावरून या इमारतींनी लोकमानसात कोणते स्थान मिळविले ते कळते. येरवड्यात तुरुंगही आहे, ही गोष्ट त्या थट्टेला बळ देणारीच ठरली.

या कायद्याचा आणि त्याची जागा घेणाऱ्या १९१२ च्या भारतीय वेडसरपणाविषयीच्या कायद्याचा रोख एका शब्दावर होता : भटकणारा. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पोलिसाने पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, आणि त्याने इस्पितळात पाठवावे, अशी ही रचना. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत ठळक वर्तन म्हणजे भटकणेच. गावात जे ‘तात्या चुकले’ म्हणून मिटत असे, ते शहरात फौजदारी प्रक्रियेचा विषय होऊ शकत होते. असा माणूस आत गेला म्हणजे त्याच्या भटकण्याचे उत्तर एकच असे, कुलूप. पहारेकऱ्याला त्याच्या हिंडण्याचा अर्थ विचारण्याचे कारणच नव्हते. तो हिंडू नये म्हणूनच त्याला आणलेले होते. सारा अ‍ॅन पिंटो यांच्या वसाहतकालीन मुंबई इलाख्यातील इस्पितळांवरील ग्रंथात (२०१८) या संस्था उपचारापेक्षा बंदिवासाच्या कशा ठरल्या आणि स्थानिक समाजाने त्यांच्याकडे कशी पाठ फिरविली याचे विवेचन आहे. लोकांनी आपली म्हातारी माणसे तेथे सहसा नेली नाहीत, यात केवळ मायाच नव्हती, भीतीही होती.

येथे जगाच्या इतिहासातील एका नोंदीकडे वळणे उपयुक्त ठरेल. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, म्हणजे ठाण्याचे इस्पितळ सुरू झाले त्याच वर्षी, जर्मनीतील फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची स्त्री दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर आलोइस अल्झायमर. तिला नवऱ्याने आणले ते केवळ ती विसरते म्हणून नव्हे. ती त्याच्यावर संशय घेई, वस्तू लपवून ठेवी, घरभर वस्तू ओढत फिरे, ओरडे. ती १९०६ मध्ये मरण पावली, अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतील बदल त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत मांडले, आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. दाखल होताना तिचे वय ५१ होते. म्हणजे ज्या आजाराला आपण ‘साठी’चा म्हणतो त्याची पहिली नोंदलेली रुग्ण साठीचीही नव्हती, आणि तिला संस्थेत आणणारे कारण केवळ स्मृती नसून वर्तनही होते. फ्रँकफर्टमध्ये डॉक्टराने तिच्याशी बोलून प्रश्नोत्तरे लिहून ठेवली. तो कागद १९९५ मध्ये पुन्हा सापडला. आपल्याकडील इस्पितळांत दाखल झालेल्या वृद्धांची अशी प्रश्नोत्तरे कोणी लिहिली असती, तर हा लेख वेगळा झाला असता.

दुसरे दार : अनाथ, भिक्षेकरी, निराधार

वेड ठरविले गेले नाही तर उरे ते दारिद्र्य. पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ‘अनाथ पंगू गृह’ स्थापन झाले. आज ते ‘निवारा’ या नावाने ओळखले जाते. नावातील दोन्ही विशेषणे लक्षणीय आहेत. अनाथ म्हणजे ज्याला कोणी नाही, पंगू म्हणजे ज्याचे शरीर चालत नाही. ज्याचे शरीर चालते, नव्हे नको तितके चालते, परंतु मन वाट विसरते, अशा वृद्धाला या दोन शब्दांत जागा नव्हती. दातृत्वाच्या या परंपरेने भुकेचा आणि निवाऱ्याचा प्रश्न ओळखला. वर्तनाचा प्रश्न तिच्यापुढे शिस्तभंग म्हणून येई.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. या कायद्याने भिक्षेकऱ्याला पकडून गृहात ठेवण्याचा अधिकार दिला. नगर जिल्ह्यात श्रीगोंदे तालुक्यातील विसापूर येथे असे भिक्षेकरी गृह आहे. पारनेरच्या दक्षिणेला लागूनच श्रीगोंदे तालुका. देवस्थानांच्या गावी, स्थानकावर, रस्त्याच्या कडेला बसलेला जो वृद्ध आपले गाव सांगू शकत नाही, तो भिकारी आहे, वेडा आहे, की फक्त विसरला आहे, हे ठरविण्याचे साधन पकडणाऱ्याजवळ नसते. गाव सांगता न येणे हा या आजाराचा भाग आहे आणि कायद्याच्या दृष्टीने तीच बेवारसपणाची खूण आहे. या विसंगतीचा विचार १९५९ च्या कायद्यात नाही.

वृद्धाश्रमांचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. स्वयंसेवी संस्थांमार्फत निराधार वृद्धांसाठी आश्रम चालविण्याची राज्य शासनाची योजना १९६३ ची, आणि ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना १९९५ ची. २००७ मध्ये केंद्राने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा केला; प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम स्थापन करण्याची तरतूद त्यात आहे आणि वृद्धाला टाकून देणे हा दंडनीय अपराध ठरविला आहे. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते, म्हणजे देशाच्या ८.६ टक्क्यांहून अधिक. कायद्याची निकड होतीच. परंतु याही कायद्याचा रोख निर्वाहावर, म्हणजे पैशावर आणि छपरावर आहे.

प्रत्यक्षात अनेक वृद्धाश्रम प्रवेश देताना वृद्ध ‘हिंडता-फिरता’ आणि स्वतःची कामे स्वतः करणारा असावा अशी अट घालतात. अटीमागील अडचण खरी आहे. चार सेवेकऱ्यांवर पन्नास माणसे असतील तर रात्रभर जागणाऱ्या एकाला कोण सांभाळणार? परिणाम मात्र विचित्र होतो. प्रवेश घेताना शहाणा असलेला वृद्ध पाच-सहा वर्षांनी आश्रमातच विसरू लागतो. मग तो शेजारच्या खाटेवर झोपतो, दुसऱ्याचा चष्मा लावतो, जेवण झाले तरी जेवण मागतो. सहनिवासी तक्रार करतात आणि व्यवस्थापक मुलाला दूरध्वनी करून ‘घेऊन जा’ म्हणतो. वृद्धाश्रमातून हकालपट्टी होण्याचे कारण पुन्हा वर्तन हेच असते, आणि या वेळी त्याच्यासाठी पुढचे दार नसते.

राहुरी, १९३६

जिल्ह्याच्या इतिहासात या सर्वांपासून वेगळा असा एक अल्पकाळचा प्रयोग नोंदला गेला आहे. पारनेरला लागून असलेल्या राहुरी येथे मेहेरबाबांनी १९३६ मध्ये वेड्यांचा आश्रम उघडला. तो १९३७ पर्यंत चालला. इंग्लंडमधून आलेले डॉक्टर विल्यम डाँकिन यांनी ‘द वेफेअरर्स’ या १९४८ च्या ग्रंथात त्याची हकीकत दिली आहे. आश्रमामागील प्रेरणा आध्यात्मिक होती, वैद्यकीय नव्हे, आणि तेथील माणसे स्मृतिभ्रंशाचीच होती असेही नाही. त्यामुळे येथे त्याचा दाखला मर्यादित अर्थानेच द्यावयाचा आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे दिनक्रम. रोजची अंघोळ, हजामत, कपडे आणि जेवण ही कामेच तेथे आश्रमाचे मुख्य कार्य मानली गेली आणि स्वतः मेहेरबाबा ती करीत. इस्पितळात जी कामे सर्वांत खालच्या नोकराकडे असत, ती येथे केंद्रस्थानी आली. अलीकडे शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांनी बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी उभ्या केलेल्या माऊली प्रतिष्ठानच्या कामाची सुरुवातही रस्त्यावर अन्न देण्यापासून झाली. श्रद्धा आणि प्रेरणा भिन्न असल्या तरी जिल्ह्यातील या दोन उदाहरणांत आरंभबिंदू शरीराची शुश्रूषा हा आहे. स्मृतिभ्रंशाच्या देखभालीत अंघोळ हाच सर्वाधिक संघर्षाचा प्रसंग असतो, हे ज्यांनी ती केली आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

औषधाची बेडी

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा मनोरुग्णांवर वापर सुरू झाला आणि काही वर्षांत जगभरच्या इस्पितळांतील आरडाओरडा शांत झाला. साखळदंड गेले, ही या औषधांची खरी कामगिरी होय. पण वृद्धांच्या बाबतीत तीच औषधे नवी बेडी बनली. त्रास देणाऱ्या म्हाताऱ्याला गोळी द्यावी, म्हणजे तो खुर्चीत बसून राहतो. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहातील वृद्धाला बांधून ठेवण्यापासून आणि सोयीसाठी औषध देण्यापासून मुक्त राहण्याचा हक्क दिला. २००५ मध्ये तेथील औषध प्रशासनाने स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या गटातील नव्या औषधांमुळे मृत्यूचे प्रमाण वाढते असा इशारा छापावयास लावला, आणि २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू केला. ब्रिटनमध्ये २००९ साली सुबे बॅनर्जी यांच्या अहवालाने दाखविले की, वर्षाला सुमारे १,८०,००० स्मृतिभ्रंश रुग्णांना ही औषधे दिली जातात आणि त्यामुळे दरवर्षी अंदाजे १,८०० अधिक मृत्यू होतात. औषध कधीच देऊ नये असा याचा अर्थ नाही. रुग्णाला असह्य यातना देणारे भास होत असतील, किंवा त्याच्या हातून स्वतःला वा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी ते द्यावे लागते. प्रश्न आहे तो औषध कोणाच्या त्रासावर दिले जाते याचा.

आपल्याकडे बेडीचा प्रश्न औषधापर्यंत पोहोचण्याआधीच ज्वाळांत दिसला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एर्वाडी येथील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागून, साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. या घटनेचे पडसाद पुढील कायद्यात उमटले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली. शारीरिक बंधन हे तातडीचा धोका टाळण्याचा एकमेव उपाय असेल तरच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने वापरावे असे ठरविले. याच कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती यांबरोबर स्थलकालभान आणि स्मृती यांतील गंभीर बिघाडाचा समावेश केला. १८५८ पासूनच्या या वाटचालीत, विसरणारा वृद्ध ‘भटकणारा’ किंवा ‘निराधार’ म्हणून नव्हे, तर त्याच्या स्मृतीच्या बिघाडामुळे कायद्याच्या व्याख्येत येऊ शकला तो येथे. भटकणाऱ्याविषयीचे कलम याही कायद्यात आहे. मात्र आता पोलिसाने त्याला संरक्षणाखाली घ्यावे, कोठडीत न ठेवता २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे आणि तो बेघर आढळल्यास हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याचे घर शोधावे, अशी ही तरतूद आहे.

तिन्हीसांज

वर्तनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती विसाव्या शतकाच्या शेवटी. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय वृद्धमनोविकार संघटनेच्या परिषदेत स्मृतिभ्रंशातील वर्तनविषयक व मानसिक लक्षणांना एकत्रित संज्ञा दिली गेली. १९९७ मध्ये टॉम किटवुड यांनी रुग्णातील ‘व्यक्ती’कडे लक्ष वेधले. या विचाराचा गाभा असा की, वर्तन हे बोलणे आहे. शब्द हरवलेला माणूस अंगाने बोलतो. ओरडणाऱ्या आजीला बद्धकोष्ठ असेल, लघवीचा दाह असेल, दाढ दुखत असेल, कानातील यंत्र बंद पडले असेल. आधी ते पाहावे.

नव्या संज्ञांपैकी एका लक्षणाला मात्र मराठीत अगोदरच हवा तसा शब्द आहे. संध्याकाळ झाली की अनेक रुग्ण अस्वस्थ होतात, दाराशी जातात, ‘घरी जायचं’ म्हणतात. आपल्याकडे याला तिन्हीसांज, कातरवेळ म्हणतात. त्या वेळी मन कातर होते हे सर्वांना ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या आयुष्यात ही वेळ सर्वांत कामाची : गुरे परत येतात, धारा काढायच्या असतात, दिवा लावायचा असतो. सत्तर वर्षे त्या वेळी गोठ्याकडे गेलेले पाय त्या वेळी उठणारच. निवासी केंद्रातील मावशीने दार अडवून ‘आजोबा, हेच तुमचं घर’ म्हटल्याने ते थांबत नाहीत. त्यांच्याबरोबर अंगणात चार फेऱ्या मारून, गुरांची चौकशी करून परत आणले तर बहुधा बसतात.

पारनेरच्या संदर्भात ‘घरी जायचं’ या वाक्याला आणखी एक अर्थ आहे. या तालुक्यातील माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईला गिरण्यांत, गोदीत, बाजारपेठांतील हमालीत गेली. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट अधिकच रुंद केली, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर कित्येक जण परत फिरले. आज मुले मुंबई-पुण्यात आणि आईवडील गावी, ही स्थिती सर्वसाधारण आहे. आईचे विसरणे वाढले म्हणजे मुलगा तिला दोन खोल्यांच्या सदनिकेत नेतो. तेथे विहीर नाही, ओसरी नाही, वाट ओळखणारे कोणी नाही. ती सांजेला दाराशी उभी राहून ‘मला गावाला जायचंय’ म्हणते. वैद्यकीय नोंदीत हे लक्षण ठरते. पण ते खरेही आहे. तिचे घर खरोखरच तेथे नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटातील संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागून चालत जातात आणि माहुताच्या बायकोच्या मायेत विसावतात. स्मृतिभ्रंशावरील व्याख्यानांत सांगितले जात नाही ते या चित्रपटाने दाखविले : भटकणाऱ्याला काहीतरी हवे असते.

गोव्यातील अनुभव येथे विशेष उद्बोधक आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, लोक ही लक्षणे ओळखतात, परंतु त्यांना आजार न मानता वय, किंवा मुलांचे दुर्लक्ष आणि मायेचा अभाव, ही कारणे देतात. म्हणजे काळजी घेणारी सून दुहेरी शिक्षा भोगते. रात्रभर जागते आणि वर निष्काळजी ठरते. पुढे अमित डायस व सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेल्या चाचणीत (२००८) थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरोघर गेल्या, आजार समजावून सांगितला, वर्तन कसे हाताळावे ते शिकविले. रुग्णाच्या वर्तनात निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. देखभाल करणाऱ्यांचा मानसिक ताण आणि त्या वर्तनामुळे होणारा त्रास मात्र कमी झाला. या निष्कर्षाला दुय्यम समजू नये. दार शोधण्याची वेळ येते ती याच त्रासामुळे.

संबोधन

१९९२ मध्ये केरळात स्थापन झालेल्या अल्झायमर संघटनेने देशात या विषयाला वाचा फोडली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आहे. खास या आजारासाठीची निवासी केंद्रे मात्र मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात एकवटली आहेत आणि त्यांचे मासिक शुल्क कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी ब्युरोमार्फत येणारी आयाबाई, किंवा गावी परतणे, हे पर्याय उरतात.

या केंद्रांत गेलेल्या ग्रामीण वृद्धाचा पहिला संघर्ष बहुधा नावावरून होतो. तेथे सर्व पुरुष ‘आजोबा’ आणि सर्व स्त्रिया ‘आजी’. हाकेत आपुलकी असते, पण ज्याला साठ वर्षे गावाने ‘आण्णा’ किंवा ‘पाटील’ म्हटले तो ‘आजोबा’ या हाकेला मान वर करीत नाही, आणि नोंदवहीत ‘प्रतिसाद देत नाही’ असे लिहिले जाते. ज्या बाईने जन्मभर परपुरुषासमोर पदर ढळू दिला नाही तिला अनोळखी मामाने अंघोळ घालू पाहिली तर ती बोचकारते, आणि नोंद होते ‘आक्रमक’. कुलाब्याच्या काळी रकाना ‘डिमेन्शिया’ होता, आज तो अधिक बारीक झाला आहे. परंतु रकाना भरणाऱ्याला त्या माणसाविषयी काय ठाऊक आहे, हा प्रश्न दोन्ही काळी सारखाच राहतो.

संस्थांच्या प्रवेश-अर्जात नाव, वय, उत्पन्न, आजार, पालकाची सही आणि मृत्यूनंतर कोणास कळवावे हे रकाने सर्वसाधारणपणे असतात. घरी काय म्हणत, सांजेला कोणते काम करीत, अंघोळ सकाळी करीत की शेतातून आल्यावर, झोपताना डोके कोणत्या दिशेला ठेवीत, हे विचारणारा अर्ज क्वचितच पाहावयास मिळतो. ही माहिती आज पारनेरच्या गावांत शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक आहे. अर्जावर सही करणाऱ्या मुलाला ती पुष्कळदा ठाऊक नसते, कारण तो विशीत असतानाच मुंबईला गेलेला असतो.